बिनप्लास्टरची चर्चं

मल्हार यमगरला सांगलीत कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?", तर तो "आर्किटेक्ट आहे" एवढंच सांगतो. मग समोरचा हमखास म्हणतो, "बंगले की अपार्टमेंट?" मल्हार चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसतो आणि सावकाश म्हणतो, "चर्च." मग समोरचा त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळतो, आणि त्याची मल्हारला आता सवय झाली आहे. आटपाडीच्या माळावर वाढलेला, घरात पिढ्यानपिढ्या बिरोबा पुजणारा हा धनगराचा मुलगा इकडं सांगली-साताऱ्यापासून तिकडं सोलापूर-बेळगावपर्यंत चर्चं बांधत हिंडतो. आणि तीही अशी, की शेवटचा खांब उभा राहिला, सेंटरिंग निघालं, झाडलोट झाली, तरी लोक विचारतात, "आता प्लास्टर कवा करणार?"

त्याच्या वडलांचं नाव धुळा. उभा जन्म मेंढरामागं गेलेला माणूस. दिवाळी सरली आणि माळावरचं गवत वाळलं की धुळा बायकापोरं, घोडं आणि मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरायचा. उसाच्या मुलखातले शेतकरी खतासाठी आपल्या मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेत आणि धनगराला धान्य देत. मल्हार चालायला शिकला तो या वाटेवरच. दिवस मावळायला धुळा काठ्या रोवून मेंढरांभोवती वाघर लावायचा. वाघर म्हणजे दोरीचं जाळं, जेमतेम कमरेएवढं. त्याच्यातून वारा यायचा, चांदण्या दिसायच्या, पलीकडचा रस्ताही दिसायचा. पण एकदा आत शिरलं की आपण कुठंतरी आत आहोत असं वाटायचं. छप्पर नाही, भिंत नाही, तरी आत. मोठेपणी मल्हारनं हे कितीदा तरी लोकांना सांगून पाहिलं. त्याला ते नीट कधी सांगता आलं नाही.

आणि सकाळ. मेंढरं उठून अंग झाडायची, धूळ उडायची, आणि तोवर नुसता पसरलेला उजेड एकदम दिसायला लागायचा. तिरका, पिवळा, हात लावला तर हाताला लागेल असा. लहानगा मल्हार त्या उजेडात हात घालून बसायचा आणि धुळाची हाक त्याच्या कानावरून निघून जायची.

"आरं, झोपलाईस का जागा हाईस?" धुळा ओरडायचा.

खरं तर त्यालाही ते माहीत नसायचं.

शाळेसाठी त्याला कडेगावात आत्याकडं ठेवलं. तिथं मोहरमच्या आधी उंचच उंच ताबूत बांधायचं काम चालायचं. बांबू, सूत, चिकणमाती, कागद. गावातल्या सगळ्या जातीच्या माणसांचे हात त्याला लागायचे. शाळा सुटली की मल्हार तिथं जाऊन उभा राहायचा. रंगीत कागदातून गाळून आलेलं ऊन अंगावर घ्यायला त्याला आवडायचं. आत्या म्हणायची, "ह्या पोराला खायाला न्हाई दिलं तरी चालंल, उन्हाला बशीवलं की झालं." तिला काळजी वाटायची. मेंढरामागं चालणाऱ्याचं लक्ष असं उन्हात अडकून कसं भागायचं?

पण मल्हार मेंढरामागं गेला नाही. हात चित्रात चांगला आणि डोकं गणितात बरं, म्हणून मास्तरांनी त्याला सांगलीला डिप्लोमाला पाठवलं. तिथं त्याला वर्गात पप्पू भेटला. पप्पूचा बाप माधवनगरच्या गिरणीत कामाला होता. गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. एका दुपारी पप्पू त्याला ती दाखवायला घेऊन गेला. राखणदार ओळखीचा होता, त्यानं बाजूचं दार उघडलं.

आतली यंत्रं केव्हाच विकली गेली होती. फरशीवर नुसती बोल्टांची भोकं राहिली होती. मल्हारनं वर बघितलं आणि तो बघतच राहिला. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं होतं. एकामागं एक दाते, आणि प्रत्येक दात्याची उत्तरेकडची बाजू काचेची. बाहेर उन्हाळ्याचा जाळ होता, पण ऊन आत कुठंच पडलं नव्हतं. आत नुसता उजेड होता. सावलीशिवायचा, मऊ, तळ्यातल्या पाण्यासारखा भरून राहिलेला. कुठल्यातरी कोपऱ्यातून कापसाचे बारीक तंतू अजून उडत होते आणि त्या उजेडात तरंगत होते.

"काय बघतुयास रं?" पप्पू म्हणाला. "नुसता पत्रा हाय."

"पत्रा न्हाई बघत. उजेड बघतोय."

पप्पूनंही मान वर केली. मग म्हणाला, "आमचा बा जन्मभर हितं हुबा ऱ्हायला. त्यानं कवा वर बघितलं नसंल गड्या. मान वर केली की धागा तुटायचा."

त्या दुपारी दोघं फरशीवर आडवे पडून राहिले, छपराकडं बघत. राखणदारानं येऊन उठवलं तेव्हा चहाची वेळ होऊन गेली होती.

पुढं मल्हारनं कोल्हापूरला आर्किटेक्चर केलं, सांगलीतल्या एका ऑफिसात नोकरी धरली आणि मंगलशी त्याचं लग्न झालं. मंगल जतची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. बोलायला सरळ आणि हसायला मोकळी. ऑफिसात मल्हारच्या वाट्याला बंगले यायचे. दाराशी फुगीर खांब, खांबाच्या डोक्यावर सिमेंटची फुलं, गच्चीला मोराच्या पिसाऱ्याचं रेलिंग. मल्हार सांगितलेलं काढून द्यायचा. संध्याकाळी घरी आला की मात्र भिंतीला टेकून बसायचा.

"फुलं काढून दमलासा व्हय?" मंगल विचारायची.

"फुलं काढून कोण दमतंय? खांबाला फुलं का येत्यात, त्याचा विचार करून दमतोय."

एका वर्षी मोठं वादळ झालं. माधवनगरच्या कडेला जुन्या गिरणी कामगारांच्या घरांजवळ एक लहान प्रार्थनाघर होतं, त्याचे पत्रे उडून ओढ्यात गेले. पप्पू तोवर ठेकेदार झाला होता. दुरुस्तीचं काम त्याला सांगितलं गेलं आणि तो मल्हारला सोबत घेऊन गेला. तिथले पाळक होते रेव्हरंड रणभिसे. उंच, वाकलेले, बोलण्याआधी थोडं हसून घेणारे. उघड्या भिंतींच्या मध्ये खुर्च्या मांडून त्यांनी दोघांना बसवलं आणि एक जुनं कॅलेंडर पुढं केलं. त्यावर परदेशातल्या चर्चचं चित्र होतं. टोकदार मनोरा, टोकदार खिडक्या, भोवती पांढराशुभ्र बर्फ.

"दुरुस्ती नको," रणभिसे म्हणाले. "मंडळी म्हणतात, करायचंच तर आता असं करू."

मल्हारनं चित्र बराच वेळ बघितलं. "मनोरा बांधता येईल," तो म्हणाला. "पण बर्फ कुठनं आणायचा?"

रणभिसे हसले. पप्पूनं मल्हारच्या पायावर पाय दिला. पण मल्हारला एकदम काहीतरी सुचत होतं. त्यानं विचारलं, "तुम्ही सगळे इथं येऊन नेमकं काय करता?"

असं कुणी विचारलं नसावं. रणभिशांनी विचार केला. "गातो. वचन ऐकतो. आणि थोडा वेळ गप्प बसतो."

"किती वेळ?"

"जागा चांगली असेल तर जास्त."

त्या रात्री मल्हारला झोप लागली, पण त्या झोपेतही तो उघड्या भिंतींत हिंडत होता. मग पुढचे कितीतरी दिवस तो ऑफिसातून आला की मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे कापत बसे. चर्चचं छोटं मॉडेल तयार झालं. बुटकं, लांबट, वर गिरणीसारखे दाते. पण दाते सारखे नव्हते. दाराशी बुटके होते आणि वेदीकडं जाता जाता उंच होत गेले होते, त्यामुळं उजेड चालत चालत पुढं जातोय असं वाटायचं. मंगल ते मॉडेल रविवारी सकाळी खिडकीत धरून उभी राहिली आणि मल्हारनं आत डोळा लावला.

"काय दिसतंय?" तिनं विचारलं.

त्यानं डोळा काढलाच नाही. मग तिनंच त्याला बाजूला सारून डोळा लावला, आणि तीही तशीच खिळून राहिली. गॅसवरचं दूध उतू गेलं तेव्हा दोघं भानावर आली.

मंडळींच्या सभेत मात्र गोंधळ झाला. एकजण म्हणाला, हे गोदाम आहे. दुसरा म्हणाला, आमच्या बापजाद्यांनी गिरणीत जन्म घालवला, आता देवाच्या घरातही गिरणीच का?  मल्हारला तो प्रश्न खराच वाटला. तेवढ्यात मागच्या बाकावरून अर्जुनाबाई उठल्या. त्या निवृत्त नर्स, मंडळीत सगळ्यांत वयस्कर. त्यांनी मॉडेल हातात घेतलं, खिडकीशी नेलं, गोल फिरवून बघितलं.

"आजाऱ्याच्या तोंडावर ऊन आलेलं मला चालायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि खोलीत अंधार झालेलाही चालायचा नाही. जन्मभर मी पडदे सरकवत आले. ह्या लेकरानं पडद्याशिवाय ते जमवलंय. मला इथं बसायचंय. मी जायच्या आत बांधा."

मग बांधलं. भिंती काँक्रीटच्या, आणि सेंटरिंगच्या फळ्यांचे वण तसेच ठेवलेल्या. मल्हारला ते वण आवडायचे. लाकूड निघून गेल्यावर मागं राहिलेली लाकडाची आठवण. येणारे-जाणारे मात्र पप्पूला धरायचे.

"गड्या, लोकं मला शिव्या घालत्यात," पप्पू म्हणाला. "म्हणत्यात, काम अर्धंच टाकून पळाला."

"सांग, झालंय म्हणून."

"सांगतोय की. त्येंना वाटतं, मी लाजून बोलतुया."

अर्पणाचा, म्हणजे नवं चर्च देवाला वाहायचा दिवस उजाडला तो आभाळ घेऊन. सकाळपासून ढग असे दाटले की छपराच्या काचा राखेच्या रंगाच्या झाल्या. आत दिवे लावावे लागले. गाणी झाली, प्रार्थना झाली, बाहेरच्या पाहुण्यांची भाषणं झाली. मल्हार भिंतीला टेकून उभा होता आणि सारखा वर बघत होता. कुणी वाईट बोललं नाही. कुणी वर बघितलं नाही. जेवताना एक पाहुणा म्हणाला, "साधं आहे, पण मजबूत दिसतंय."

घरी येऊन तो न जेवता पडून राहिला. मंगल त्याच्या उशाशी बसली.

"आवं, त्या ढगाला तुमचं ड्रॉइंग दाखवलं हुतं का?"

त्याला हसू आलं, पण जेवायला तो उठला नाही.

पुढं काही आठवड्यांनी रणभिशांचा फोन आला. "मल्हारराव, रविवारी येऊ नका. मधल्या कुठल्याही वारी या, दुपारचे. आवाज न करता या."

तो गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत उपासना नव्हती, कुणी गात नव्हतं. तिसऱ्या बाकावर अर्जुनाबाई बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. पलीकडं भाजीची पिशवी शेजारी ठेवून एक बाई बसली होती. कडेला गिरणीतला एक म्हातारा कामगार, चपला दाराशी काढून. तिघंही वर बघत नव्हती, एकमेकांकडंही नाही. उजेड त्यांच्यावरून हळूहळू पुढं सरकत होता आणि ती तिघं त्या उजेडात अशी बसली होती, जशी माणसं नदीकाठाला पाय पाण्यात सोडून बसतात.

"रोज येतात," रणभिसे कानाशी म्हणाले. "मी बोलावत नाही. काय करता म्हणून विचारलं, तर बाई म्हणाल्या, बसते."

मल्हारही बसला. किती वेळ, ते त्याला कळलं नाही. बाहेर आला तेव्हा त्याला रस्ता, रिक्षा, उसाची ट्रॉली, सगळं फार लांबून दिसत होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसात नोकरी सोडत असल्याचं सांगितलं.

नाव पसरायला वेळ लागला, पण पसरलं. एका चर्चच्या मंडळीचे सोयरे दुसऱ्या चर्चच्या मंडळीत असतात. कुणी सोलापूरकडून आलं, कुणी बेळगावकडून. कुठं त्यानं विटांच्या जाळीतून उजेड गाळला, कुठं विहिरीसारखी खोल जागा करून वरून सोडला. लोक त्याला चर्चवाला मल्हार म्हणायला लागले. ही खबर माळावर पोहोचली ती भलत्याच रूपात. एके सकाळी धुळा एसटीनं सांगलीत येऊन दाराशी उभा राहिला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं. पाणी न पिताच त्यानं विचारलं,

"तू त्यांच्यात गेलास का रं?"

"न्हाई आबा."

"मग त्यांचं देऊळ तू का बांधतुयास?"

"त्यांनी सांगितलं म्हणून."

"आणि आपला बिरोबा?"

"त्यानं कवा सांगितलंच न्हाई."

धुळानं लेकाकडं टक लावून बघितलं. मग मंगलनं दिलेलं पाणी घेतलं. "चल, मला दाव."

मल्हार त्याला माधवनगरला घेऊन गेला. धुळानं दाराशी पायताण काढलं, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. आत जाऊन भिंतीवरून तळवा फिरवला, वर बघितलं, मागं वळून दाराकडं बघितलं. बाकावर काही तो बसला नाही. कडेला फरशीवर घोंगडं अंथरलं आणि त्यावर टेकला. मल्हारला वाटलं, आता आबा काहीतरी विचारणार. त्यानं मनात उत्तरं जुळवायला सुरुवात केली. उजेडाचं सांगू, वाघरीचं सांगू. मान वळवून बघतो तर धुळा कुशीवर वळून गाढ झोपला होता. जन्मभर मेंढरं राखणारा, पानाच्या सळसळीला जागा होणारा हा माणूस असा झोपलेला मल्हारनं कधी बघितला नव्हता. रणभिसे आले, त्यांनी बघितलं, आणि पंख्याचं बटण दाबून तसेच परत गेले.

उठल्यावर धुळा म्हणाला, "लय गार हाय." आणि गावाकडं जाताना एसटीच्या खिडकीतून, "कुणी काय म्हणलं तर मी बघतो त्येंच्याकडं."

असं सगळं चांगलं चाललं की माणसाला आपल्या हातावर जरा जास्तच भरवसा वाटायला लागतो. मल्हारचंही तसं झालं. साताऱ्याकडं, रहिमतपूरजवळच्या एका मंडळीनं त्याला मोठी जागा दिली आणि हात मोकळा दिला. मंडळीचे प्रमुख सुभेदार पाटोळे, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "तुम्ही नक्शा काढा, बाकी आमच्यावर सोडा." मल्हारनं नक्शा काढला तो आजवर मनात जपलेल्या सगळ्यांत सुंदर जागेचा. पूर्ण गोल, उघड्या काँक्रीटची भिंत, वर घुमट, आणि घुमटाच्या कडेनं फिरणाऱ्या फटीतून उतरणारी उजेडाची एक बारीक रेघ. बांधून झाल्यावर लांबून लांबून विद्यार्थी बघायला आले. फोटो छापून आले. सकाळी ती रेघ भिंतीवरून अशी उतरायची, की बघणारा नकळत आवाज खाली घ्यायचा.

पण आवाज खाली घेऊन उपयोग नव्हता. गोल भिंत आणि घुमट मिळून प्रत्येक शब्द घेत, फिरवत, दुसऱ्या शब्दात मिसळून परत देत. पाळक "प्रभू" म्हणत आणि लोकांना तो प्रभू तीन बाजूंनी ऐकू येई. गाणं म्हणजे नुसती गुणगुण. सोनम नावाची मुलगी गायनवर्ग बसवायची. ती आधी वैतागली, मग रडली. सुभेदारांनी मल्हारला फोन केला.

"साहेब, बिल्डिंग लय झकास हाय. पर मी फौजेत आवाज कमावलेला माणूस. मी हुकूम सोडला तरी पहिल्या रांगंला कळत न्हाई, हुकूम हाय का खोकला."

मल्हारनं फोनवर समजावलं. लोक जास्त असले की घुमणं कमी होईल. सावकाश बोला. जागेची सवय व्हायला वेळ लागतो. फोन ठेवल्यावर मंगल नुसती त्याच्याकडं बघत होती.

"जाऊन ऐकून या की," ती म्हणाली.

"जाईन."

तो गेला नाही. पुढं कानावर आलं, तिथं थर्माकोल लावलाय, निळे दिवे लावलेत, खोटं छत करायचं चाललंय. जो कुणी हे सांगे त्याच्यावर तो मनातून चिडे. रहिमतपूरवरून जायचं असलं तर गाडी दुसऱ्या रस्त्यानं घाले. त्याला स्वप्न पडायचं: घुमटातली ती रेघ मिटत चाललीय, डोळा मिटावा तशी, आणि आतून लोकांचा आवाज येतोय, पण काय म्हणतात ते कळत नाही. उठून तो पाणी प्यायचा. असं बरंच चाललं. एकदा मंगल म्हणालीच,

"आबा तुमच्या चर्चात झोपले तवा लेकरावानी खूश झालासा. आणि ह्या लोकांची झोप उडालीय, तर तिकडं फिरकायला तयार न्हाईसा."

त्याला ते लागलं. तरीही तो गेला नाही. शेवटी गेला तो सोनमच्या फोनमुळं. परतीचा पाऊस सुरू होता. ती फोनवर हसत होती.

"सर, येऊन बघा ना. इथं काहीतरी झालंय. सांगून कळणार नाही."

मल्हारला वाटलं, खोटं छत करून टाकलं. त्यानं मंगलला गाडीत घेतलं आणि निघाला.  रहिमतपूर मागं टाकून चर्चपाशी पोहोचले तेव्हा पाऊस थांबला होता आणि आतून गाण्याचा आवाज येत होता. मल्हार दाराशीच थबकला. गाण्यातला शब्द न् शब्द कळत होता.

आत सगळीकडं गोधड्या होत्या. भिंतीला गोल दोऱ्या बांधून त्यावर टाकलेल्या. लाल, निळ्या, हिरव्या, जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या, सुभेदारांच्या फौजी चादरींच्या. झालं असं होतं, की तरुणांच्या शिबिरासाठी बाहेरगावची पोरं मुक्कामाला येणार होती. बायकांनी घरोघरच्या गोधड्या गोळा करून धुतल्या आणि अवेळी पावसानं गाठलं. वाळत घालायला मोठी कोरडी जागा एकच. त्यांनी चर्चात दोऱ्या ताणल्या आणि ओल्या गोधड्या टाकल्या. सकाळी सोनम सरावाला आली, तिनं पहिला सूर लावला आणि दचकून थांबली. सूर घुमला नव्हता, होता तिथंच थांबला होता.

आता वरच्या रेघेतून पावसानंतरचं ऊन येत होतं. ते गोधडीच्या टाक्यांवर पडे आणि प्रत्येक टाका वेगळा दिसे. ओल्या कापडाचा, साबणाचा वास दरवळत होता. थर्माकोल कुणीतरी काढून कोपऱ्यात रचला होता. मल्हार मधोमध उभा राहून हळूहळू गोल फिरला. त्याला कळेना, आपण चिडावं का. चिडण्यासारखं काही सापडेना. जी भिंत त्यानं इतकी कोरी, इतकी जपून ठेवली होती तिच्यावर कुणाकुणाची लग्नाची लुगडी, कुणाच्या बाळाची दुपटी लटकत होती, आणि जागा आधी कधी नव्हती इतकी भरलेली वाटत होती.

"साहेब," सुभेदार पुढं येऊन साध्या आवाजात म्हणाले, "हितनं बोललेलं तिकडं कळतंय. आमाला वाटलं, तुमी रागावशीला. म्हणून सोनमला फोन करायला लावला."

"मी आधीच यायला पाहिजे होतं, सुभेदारसाहेब."

"आलासा की."

मागून एक बाई ओरडली, "आवं पाव्हणं, नुसतं बघत बसू नगा! ती वरची दोरी सुटाय लागलीया, तेवढी धरा!"

मल्हार स्टुलावर चढला. मंगल खालून गोधड्या देत गेली आणि तो दोऱ्या ताणत गेला. मध्येच तो उतरून टाळी वाजवून बघे, पुन्हा चढे. इथं एक काढा, तिथं दोन टाका, दाराच्या समोरची भिंत भरा, वेदीच्या मागची मोकळी सोडा. बायका त्याचं ऐकत, आणि पटलं नाही तर ऐकत नसत. दुपारी सगळे तिथंच जेवले, भाकरी, पिठलं आणि कांदा, गोधड्यांच्या खाली बसून. सोनमनं जेवता जेवता एक ओळ गायली. ती शेवटच्या माणसापर्यंत गेली आणि तिथं विरली.

पुढं मल्हारनं तिथं भिंतीला बारीक लोखंडी दांड्या बसवून दिल्या. मंडळीतल्या बायकांनी ठरवून नव्या गोधड्या शिवल्या, खास त्या भिंतीसाठी, प्रत्येक घराची एक. फोटो काढायला येणारे विद्यार्थी आता थोडे गोंधळतात. काहींना कोरी भिंत बघायची असते. मल्हार त्यांना सांगतो, रविवारी या आणि मागच्या बाकावर बसा.

त्यानंतर त्याची कामाची रीत बदलली. हल्ली कोरेगावकडच्या एका लहान मंडळीनं त्याला बोलावलं आहे. ही मंडळी एका घराच्या ओसरीत जमते. त्यांनी विचारलं, "नक्शा कधी देता?" मल्हार म्हणाला, "आधी येऊन बसतो." तेव्हापासून रविवारी पहाटे मंगल डबा भरते, दोघं गाडी काढतात आणि उसाच्या फडांमधून धुकं बाजूला होत असताना तिकडं निघतात. मल्हार ओसरीच्या कडेला, चपलांपाशी बसतो. म्हातारी माणसं कुठल्या कानानं ऐकतात, लहान मुलं केव्हा कंटाळून उठतात, गाताना लोक कुणाकडं बघतात, हे बघतो. बऱ्याचदा त्याचे डोळे अर्धे मिटलेले असतात. मग मंगल त्याला कोपरानं हळूच ढोसते, आणि तो कानाशी पुटपुटतो, "जागा हाय गं. ऐकतोय."

कागदावर अजून एक रेघही उमटलेली नाही. मंडळींना घाई नाही. परवा उपासना झाल्यावर त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं मल्हारला गाणी छापलेलं पुस्तक दिलं आणि बोट ठेवून पान दाखवलं. मल्हारचा आवाज काही चांगला नाही. तरी त्यानं चष्मा लावला, आणि मंगल व तो, दोघंही सगळ्यांबरोबर गायला लागले.